लोकरीआड दडलेला मित्र



२००२ साली सांगली जिल्ह्यात आढळलेला लोकरी मावा पुढे पुणे जिल्ह्यातही पसरला. पानाखाली पांढरी लोकर दिसली की आपण लगेच पंप पाठीला लावतो. पण जरा थांबा. लोकर काडीने बाजूला सारून पाहा.

आत जाळी विणून कोनोबाथ्राची अळी दडलेली असते. माव्याचीच लोकर अंगावर, म्हणून ती चटकन ओळखू येत नाही. ती मावा खाते, उसाला धक्का लावत नाही. तिथेच कोष होतो, त्यातून लहान पतंग निघतो आणि पुन्हा माव्याजवळच अंडी घालतो.

फवारलेत तर हा मित्रही मरेल. अळ्या दिसल्यास फवारणी टाळावी. नसल्यास हेक्टरी १००० अळ्या सोडण्याची शिफारस आहे. कळवा, आम्ही बांधावर येऊ.