कॉलेज सुटलें, आतां पुढें काय?

जून महिना लागला, म्हणजे कल्याण स्टेशनाच्या पुलावर नवीं दप्तरें दिसूं लागतात. कसाऱ्याकडून व कर्जताकडून येणाऱ्या गाड्यांतून मुलेंमुली उतरतात. कोणी कल्याणांतच बिर्ला कॉलेजाची वाट धरितात, कोणी पुढें डोंबिवलीस, तर कोणी ठाण्यास जातात. मुरबाडाकडे आगगाडी नाहीं, म्हणून तिकडचीं मुलें पहांटेच्या एस. टी. नें येतात. खेड्यांतील मंडळ्यांस हें दृश्य पाहून धन्यता वाटते, व ती वाटावीही. कारण ह्यांतील पुष्कळ घरांत आजपर्यंत कोणी दहावीची पायरी ओलांडली नव्हती. परंतु ह्याच पुलावरून जीं मुलें दुसऱ्या वर्षीं दिसेनाशीं होतात, त्यांची मोजदाद आपण ठेवीत नाहीं. त्यांच्याविषयीं आजच्या पाठांत थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रचारक बंधूंनीं हा पाठ विशेष लक्ष देऊन वाचावा, अशी विनंती आहे.

आमच्या ओळखीच्या एका प्रचारकाचा मुलगा बारावी होऊन शास्त्र शाखेंत गेला. गांव मुरबाड रस्त्यावरचें. बाप मंडळींत सेवा करितो, आई पावसाळ्यांत भाताच्या खाचरांत व उन्हाळ्यांत विटांच्या भट्टीवर राबते. पहिल्या वर्षीं मुलगा दोन विषयांत राहिला. दुसऱ्या वर्षीं दिवाळीनंतर त्यानें वर्गांत जाण्याचें सोडलें. पण घरीं सांगितलें नाहीं. चार महिने तो रोज डबा घेऊन निघे, पासावर ठाण्यापर्यंत जाई, मासुंदा तलावाच्या कांठीं बसे, आणि संध्याकाळच्या गाडीनें परत येई. डबा कधीं खाई, कधीं कोणास देऊन टाकी. परीक्षेचा अर्ज भरण्याची वेळ आली, तेव्हां सर्व उघडकीस आलें. बापानें त्याच्यावर हात टाकला, आणि दुसऱ्या सकाळीं बापलेक दोघेही आमच्या दारीं येऊन उभे राहिले.

येथें आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. आम्हीं कांहीं न विचारतां उपदेश केला. नांगराचा दृष्टांत दिला, मंडळीच्या साहाय्य-फंडांतून फी भरविली, व मुलाकडून वचन घेतलें. तो मान खालीं घालून होय म्हणाला. पुन्हा वर्गांत बसला, पुन्हा नापास झाला, आणि ह्या खेपेस घर सोडून भिवंडीकडील एका गोदामांत पेट्या उचलण्याच्या कामास लागला. फंडाचे पैसे गेले ते गेले. पण सात महिने मुलानें आईला तोंड दाखविलें नाहीं, हें फार वाईट झालें. शेवटीं आम्ही त्या गोदामापर्यंत गेलों, आणि तेथें पहिल्यानेंच त्याला विचारलें, "बाबा, तुला वर्गांत काय होत होतें?" तेव्हां कळलें कीं, दहावीपर्यंत सारें मराठींतून शिकल्यामुळें अध्यापक इंग्रजींत काय बोलतात त्यांतलें निम्में त्याला समजत नव्हतें. अकरावी-बारावी त्यानें पाठांतरावर निभावली होती. विचारण्याची लाज वाटे. शिवाय शास्त्र शाखा ही त्याची निवडच नव्हती. ती बापाची होती, आणि खरें सांगावयाचें तर थोडी आमचीही होती. कारण 'आपल्या मंडळींतला पहिला बी. एस्सी.' असें आम्ही एकदां भर सभेंत बोलून गेलों होतों. जो प्रश्न पहिल्या सकाळीं विचारावयाचा, तो विचारण्यास आम्हांस दीड वर्ष लागलें.

प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायांत, योहान मार्क हा पिर्गा येथें सोबत्यांस सोडून यरुशलेमेस परत गेला, एवढाच उल्लेख आहे. तो कां गेला हें लूक सांगत नाहीं. पुढची डोंगरी वाट, ताप, आईची आठवण, भय, असे नाना तर्क टीकाकारांनीं केले आहेत. शास्त्र गप्प आहे. पंधराव्या अध्यायांत पौल म्हणतो ह्याला नको, बर्णबा म्हणतो ह्याला घ्यावा, आणि दोघां थोर सेवकांमध्यें इतका तंटा होतो कीं ते वेगळे होतात. आपण उपदेशांत बहुधा पौलाची बाजू घेतों. काम अर्धवट टाकणाऱ्यास पुन्हा कसें न्यावें, हा प्रश्न वाजवीही आहे. परंतु बर्णबानें काय केलें तें पाहा. त्यानें मार्काला पिर्ग्यास पाठविलें नाहीं, आणि घरींही बसविलें नाहीं. तो त्याला बरोबर घेऊन कुप्रास गेला. कुप्र बर्णबाचें मूळ ठिकाण, म्हणजे तेथील वाटा व माणसें त्याच्या ओळखीचीं. काम तेंच ठेविलें, पण वाट बदलली व सोबत दिली. बर्णबा मार्काचा नातेवाईक होता, म्हणून त्यानें पक्षपात केला, असें कोणी म्हणेल. केला असेल. असा एक पक्षपाती नातेवाईक प्रत्येक मुलाला असावा. पुढें पौल बंदींत असतां तीमथ्याला पत्र लिहितो, तेव्हां त्याला हाच मार्क जवळ हवा असतो.

तर मग पहिली गोष्ट ही कीं, कॉलेज कां सुटलें तें शोधावें. आणि मूल पहिलें कारण सांगेल तेवढ्यावर थांबूं नये. 'पैसे नाहींत' असें म्हणणाऱ्याचें दुखणें कित्येकदां इंग्रजीचें असतें, आणि 'मन लागत नाहीं' असें म्हणणाऱ्याच्या घरीं कर्ज असतें. कोणाची प्रकृति प्रवासानें मोडते. आसनगांव-वाशिंदहून किंवा बदलापुराहून सकाळच्या गाडींत उभें राहून ठाण्यास जाणें व रात्रीं परत येणें हें किती अंग मोडणारें आहे, हें रोज शेतावर जाणाऱ्या बापाला सांगितल्यावांचून कळत नाहीं. त्याला वाटतें, मुलगा बसूनच तर जातो! पैशाची अडचण असेल तर पैशाचा उपाय, भाषेची असेल तर भाषेचा. फी भरल्यानें इंग्रजी येत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों. आणि मुलीचें कॉलेज सुटतें, तेव्हां तर त्याला कोणी 'सुटलें' असें म्हणतही नाहीं. 'स्थळ आलें' असें म्हणतात, आणि मंडळी पेढे खाते. त्या मुलीस कोणी विचारलें काय?

पदवी नाहीं म्हणजे सर्व संपलें असें ज्यांना वाटतें, त्यांनीं कल्याणांतच शिकलेल्या एका मुलाकडे पाहावें. नारायण वामन टिळक १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मले. त्यांचें १८६९ ते १८७३ पर्यंतचें प्राथमिक शिक्षण कल्याणांत झालें. पुढें नाशकास गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशीं संस्कृत, मग दोन वर्षें इंग्रजी शाळा. आणि वयाच्या अठराव्या वर्षीं ती शाळा पुरी न करितांच घरच्यांच्या पोषणासाठीं शिक्षकाची नोकरी. नंतर कोठें शिक्षक, कोठें भिक्षुक, कोठें छापखान्यांत खिळे जुळविणारे. १८९१ सालीं नागपुरास संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचें काम मिळालें. १८९५ सालीं बाप्तिस्मा झाला, आणि १९१२ पासून १९१९ सालच्या मरणापर्यंत ते 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक होते.

परंतु ह्या उदाहरणाचा दुरुपयोगही फार होतो. तरुणांना टिळकांचें नांव दिसतें, मधलीं भटकंतीचीं वर्षें दिसत नाहींत. त्या भटकंतीचा भार कोणाच्या माथ्यावर पडला, हें ज्यांस जाणावयाचें असेल त्यांनीं लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' वाचावीं. दुसरें असें कीं, टिळकांची शाळा सुटली पण अभ्यास सुटला नाहीं. लेलेशास्त्र्यांपाशीं मिळविलेलें संस्कृत नसतें, तर नागपूरचें काम कोणी दिलें असतें? शाळा सोडून जो मोबाइलावर दिवस घालवितो, त्यानें टिळकांचें नांव घेऊं नये.

आतां व्यवहाराचें बोलूं. कॉलेज सोडण्याचें ठरलेंच, तर नुसतें जाणें बंद करूं नये. लेखी अर्ज देऊन सोडावें. गुणपत्रिका, दाखले व मूळ कागद ताब्यांत घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं कॉलेजांस बजाविलें आहे कीं, विद्यार्थ्याचीं मूळ प्रमाणपत्रें अडकवून ठेवूं नयेत. म्हणून कारकुनानें 'उद्यां या' म्हटलें तरी भिऊं नये, उद्यां पुन्हा जावें. ज्यांनीं २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणें नव्या पद्धतींत प्रवेश घेतला आहे, त्यांस आणखी एक सोय आहे. पहिलें वर्ष पुरें करून बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षें केल्यास पदविका व तीन वर्षांनीं पदवी, अशी ती योजना आहे. पास झालेल्या विषयांचे श्रेयांक एका श्रेयांक-पेढींत जमा होतात, व ते सात वर्षांपर्यंत पुन्हा उपयोगीं आणतां येतात. मध्येंच बाहेर पडतांना कौशल्याचा कांहीं जादा अभ्यास पुरा करावा लागतो. त्याचा नियम कचेरींत विचारून घ्यावा. मात्र पेढींत जमा होतें तें पास झालेल्या विषयाचें. नापास विषयावर कोणतीच पेढी व्याज देत नाहीं.

ज्यांस कमावीत शिकावयाचें आहे, त्यांच्यासाठीं मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षणाची शाखा १९७१ पासून चालत आली आहे, व नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. मुक्त विद्यापीठांत कला व वाणिज्य हे विषय मराठींतून शिकतां येतात, ही गोष्ट आमच्या खेड्यांत अजून थोड्यांनाच ठाऊक आहे. तथापि घरीं बसून अभ्यास करणें वर्गांत बसण्याहून सोपें आहे, ह्या भ्रमांत राहूं नये. तेथें घंटा वाजत नाहीं. घंटा आपणच व्हावें लागतें.

ज्यांचे हात चालतात, त्यांस औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. अंबरनाथास आहे, ठाण्यास आहे. वीजतंत्री व जोडारी ह्यांचा अभ्यास दोन वर्षांचा, संधात्याचा एक वर्षाचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, म्हणून बारावी झालेल्यास तेथें जाणें हा अपमान वाटतो. 'बारावी करून दहावीच्या रांगेंत उभा राहूं काय?' असें मुलें म्हणतात. उभें राहावें. गोदामाच्या रांगेंत दहावीही विचारीत नाहींत. नंतर १९६१ सालच्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणें कारखान्यांत विद्यावेतनावर शिकतां येतें.

न शिकतां कारखान्यांत जाण्याविषयीं मात्र आम्हांस भय वाटतें. २३ मे २०२४ रोजीं डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन मनुष्यहानि झाली. २०१६ च्या मे महिन्यांतही तेथेंच असा स्फोट झाला होता. शिकलेला कामगारही अशा वेळीं वांचेलच असें नाहीं. पण ठेकेदारानें रोजंदारीवर आणलेल्या पोरास कोणत्या पिंपांत काय आहे, हेंही कोणी सांगत नाहीं. तसेंच सहा महिन्यांत नोकरीची हमी देणारे खासगी वर्ग कर्ज काढावयास लावतात; त्यांच्या कागदावर सही करण्यापूर्वीं तो कागद वाचतां येणाऱ्या माणसास दाखवावा. नोकरी मिळो न मिळो, हप्ता चुकत नाहीं.

प्रचारक बंधूंस आणखी एक सांगणें आहे. अशा घरीं गेल्यावर पहिल्या दिवशीं निर्णय करूं नका. बाप रागांत असतो, आई रडत असते, आणि मुलगा कोणत्याही गोष्टीला होय म्हणण्यास तयार असतो. असें होय घेऊन काय कामाचें? मुलाशीं एकट्याशीं बोला, शक्य तर चालतां चालतां. तो खोटें कां बोलला हें आधीं विचारूं नका. खरें बोलला असता तर काय झालें असतें, हें आधीं विचारा. आमच्या मुलानें ह्या प्रश्नाला उत्तर दिलें तें असें: "मार तेव्हांही बसला असता, पण चार महिने आधीं बसला असता." आणि तो हंसला. हंसण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें, पण त्यानंतर तो मोकळेपणें बोलूं लागला.

तो घरीं परत आला. एक पावसाळाभर शेजारच्या गांवांतील वायरमनच्या हाताखालीं त्यानें काम केलें, आणि पुढच्या प्रवेशाच्या वेळीं अंबरनाथास वीजतंत्रीच्या वर्गांत नांव घातलें. आतां त्याचें दुसरें वर्ष चालू आहे. गेल्या आठवड्यांत तो आम्हांस गाडींत भेटला. पिशवींत टेस्टर, पक्कड आणि मुक्त विद्यापीठाच्या बी. ए. चें माहितीपत्रक होतें. अर्ज केव्हां भरणार, असें आम्हीं लगेच विचारलें. जुनी खोड जात नाहीं. "पाळकसाहेब, आधीं हें संपवूं द्या," असें म्हणून तो दाराकडे सरकला, कारण स्टेशन आलें होतें. त्याचा बाप अद्याप पाहुण्यांस मुलगा 'कॉलेजांत आहे' असेंच सांगतो, आणि आम्हीं त्याला त्याबद्दल अजून टोकलेलें नाहीं.