ज्येष्ठ तंत्रज्ञ आणि अक्षरांचे क्रमांक

शहाजीराजांच्या जहागिरीमुळे बंगळूर शहराचे नाव मराठी वाचकाला पूर्वीपासून परिचित आहे. या शहराच्या जुन्या किल्ल्याजवळच चामराजपेट ही वसाहत आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला देण्यात आले असून तिची आखणी १८९२ च्या सुमारास झाली. दहाव्या शतकातील आद्य कन्नड महाकवी पंप याच्या नावाचा रस्ता या वसाहतीत आहे आणि त्याच रस्त्यावर कन्नड साहित्य परिषदेची वास्तू उभी आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानाचे दिवाण असताना, १९१५ मध्ये, ही परिषद स्थापन झाली. तिने सिद्ध केलेला कन्नड-कन्नड शब्दकोश आठ खंडांचा आहे. त्यासाठी विद्वानांनी कित्येक दशके शिलालेख, हस्तलिखिते आणि छापील ग्रंथ यांतून शब्द वेचले.

सॉफ्टवेअरचे बंगळूर याहून निराळे आहे. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेली इन्फोसिस कंपनी १९८३ मध्ये येथे आली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने येथे आपले केंद्र उघडले. पुढे शहराच्या दक्षिणेस इलेक्ट्रॉनिक सिटी आणि पूर्वेस व्हाइटफील्ड येथे कार्यालयांच्या रांगा उभ्या राहिल्या. वरवर पाहता या कार्यालयांचा आणि चामराजपेटेतील कोशकारांचा काही संबंध दिसत नाही. परंतु या कार्यालयांत ‘ज्येष्ठ तंत्रज्ञ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाचे काम नीट समजून घेतले, की हा संबंध ध्यानात येतो.

ज्येष्ठ तंत्रज्ञ म्हणजे कोण?

बहुतेक कचेऱ्यांत अधिकार हा हाताखालच्या माणसांच्या संख्येवर मोजला जातो. सॉफ्टवेअर कंपनीतील ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या हाताखाली मात्र पुष्कळदा कोणीच नसते. कोणाची रजा मंजूर करणे, कोणाची पगारवाढ ठरविणे ही कामे त्याच्याकडे नसतात. त्याची पदनामे कंपनीगणिक बदलतात. कोठे त्याला आर्किटेक्ट म्हणतात, कोठे प्रिन्सिपल इंजिनिअर. कामाचे स्वरूप मात्र सर्वत्र सारखेच असते.

ते काम ढोबळमानाने चार प्रकारचे असते. पहिले, नव्या प्रोग्रामची रचना लिहिली जाण्यापूर्वी तपासणे. दुसरे, इतरांना न सापडलेला दोष शोधणे. तिसरे, एखादा निर्णय का घेतला याची नोंद पुढील माणसांसाठी लिहून ठेवणे. चौथे, तरुण सहकाऱ्यांना शिकविणे. स्वतः प्रोग्राम लिहिण्याचे काम सुटत नाही, परंतु त्याचा वाटा कमी होत जातो. ज्येष्ठाचा बराचसा दिवस वाचण्यात आणि ऐकण्यात जातो. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याने लिहिलेला मजकूर वाचून त्याच्या मनात त्या वेळी काय होते हे ओळखणे, हे त्याचे नित्याचे काम होय.

या चारही कामांमागे एक समान प्रश्न असतो: आज घेतलेला निर्णय उद्या बदलता येईल काय? बदलता येणार असेल, तर तो तरुण सहकाऱ्यावर सोपवावा. त्याची चूक झाली तरी तो त्यातून शिकेल. बदलता येणार नसेल, तर ज्येष्ठाने स्वतः लक्ष घालावे. हा भेद एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल.

न सापडलेले नाव

समजा, बंगळूरच्या एका कंपनीकडे निवृत्तिवेतनाच्या याद्या सांभाळण्याचे काम आहे. काही याद्या मराठीत आहेत, काही कन्नडमध्ये. एका मराठी यादीत ‘कुऱ्हाडे’ आडनावाच्या वृद्ध गृहस्थांची नोंद आहे. कारकून नाव टंकित करून शोध घेतो; नाव सापडत नाही असे उत्तर येते. छापील यादी समोर ठेवली, तर नाव तेथे स्पष्ट दिसते. पडद्यावरील नाव आणि यादीतील नाव यांत डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नाही. तरीही यंत्र नकार देते आणि त्या गृहस्थांना रिकाम्या हाताने परतावे लागते.

याचे कारण समजण्यासाठी संगणक अक्षरे कशी साठवितो हे पाहिले पाहिजे. संगणकाला अक्षर कळत नाही, केवळ संख्या कळते. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. भारतीय लिप्यांसाठी असा एक आराखडा १९८० च्या दशकात तयार झाला आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ या नावाने भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ या मानकाची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. त्यामुळे देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, तर कन्नड ‘क’चा ३२२१, दोहोंत ८९६ चे अंतर आहे. ‘ख’, ‘ग’, ‘घ’ यांच्या बाबतीतही हेच अंतर राहते. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला एकच आहे, हे सत्य येथे गणिताच्या रूपाने दिसते.

परंतु प्रत्येक भाषेची स्वतःची अशी काही वळणे असतात. मराठीत ‘आचार्य’ या शब्दातील र आणि ‘किनाऱ्या’ या शब्दातील र वेगळ्या रीतीने लिहिले जातात. पहिला रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर बसतो. दुसरा आडव्या वळणाने पुढील अक्षराला चिकटतो. संस्कृतला वा हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही. मराठीला ती पदोपदी पडते: तऱ्हा, वाऱ्यावर, दुसऱ्या, कुऱ्हाड.

हे रूप संगणकात दोन रीतींनी साठविता येते. एका रीतीत नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्यास हलन्त जोडतात. ‘ऱ्ह’ साठी संख्या होतात २३५३, २३८१ आणि २३६१. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. संख्या होतात २३५२, २३८१, ८२०५ आणि २३६१. पडद्यावर दोन्हींचे चित्र एकच उमटते. कारकुनाच्या कळफलकाने एक रीत वापरली आणि यादी तयार करणाऱ्याच्या कळफलकाने दुसरी, एवढाच काय तो प्रकार.

तीन उपाय

हा दोष तरुण प्रोग्रामरपुढे आला, तर त्याला सुचणारा पहिला उपाय म्हणजे युनिकोडनेच घालून दिलेली समीकरणाची पद्धत. एकाच अक्षराचे निरनिराळे क्रमांकलेखन एका रूपात आणण्यासाठी ती आहे आणि अनेक ठिकाणी ती उत्तम चालते. येथे मात्र ती उपयोगी पडत नाही. ‘ऱ’ आणि ‘अदृश्य चिन्हासह र’ या दोन रीती तिच्या लेखी समान नाहीत. शब्द तिच्यातून गेले, तरी वेगळेच राहतात.

दुसरा उपाय अधिक धाडसी आहे: डोळ्यांना न दिसणारी सारी चिन्हे पुसून टाकावीत. शोधाची तक्रार याने मिटेल असे वाटते. पण ते चिन्ह गेले, की राहिलेला र रफार बनतो आणि ‘कुऱ्हाडे’चे ‘कुर्हाडे’ होते. नाव सापडत नव्हते ते नव्हतेच, शिवाय आता ते बिघडलेही. त्यातच कंपनीच्या कन्नड याद्याही याच प्रोग्राममधून जातात. ‘सूर्य’ शब्दात कन्नड र एका रूपात येतो. ‘रँक’ हा इंग्रजी शब्द कन्नडमध्ये लिहिताना र पूर्ण राहून य त्याच्या खाली बसतो. हा भेद दाखविण्यासाठी कन्नडमध्येही तेच अदृश्य चिन्ह वापरतात. मात्र तेथे ते हलन्ताच्या आधी येते, मराठीत नंतर. सरसकट पुसण्याच्या उपायाने मराठीबरोबर कन्नडचेही नुकसान होईल.

ज्येष्ठ तंत्रज्ञाचे काम येथून सुरू होते. तो प्रथम दोन्ही नावांच्या संख्या एकाखाली एक मांडून पाहतो. मग मराठी जाणणाऱ्याला विचारतो की ही दोन रूपे अर्थाने कधी वेगळी असतात काय. उत्तर ‘नाही’ असे आल्यावर तो नियम ठरवितो: देवनागरीत साधा र, हलन्त आणि अदृश्य चिन्ह हा क्रम आढळला, तर तुलनेपुरते त्याचे ‘ऱ’ आणि हलन्त असे रूपांतर करावे. इतर ठिकाणची अदृश्य चिन्हे जशीच्या तशी ठेवावीत. मूळ नोंद पुसू नये. तुलनेसाठी तिची वेगळी प्रत करावी. कन्नड याद्यांना हा नियम लावू नये. शेवटी ज्या शब्दांवर नियमाची परीक्षा घ्यायची त्यांची यादी तो तयार करतो आणि निर्णयाचे कारण लिहून ठेवतो.

नियम जेमतेम दोन-चार ओळींचा असतो. तो लिहिण्यास अर्धा तासही लागत नाही. परंतु कोणत्या ओळी लिहू नयेत हे समजण्यास लिपी, मानक आणि यंत्र या तिन्हींचे ज्ञान लागते. मूळ नोंद राखण्याचा आग्रहही याच ज्ञानातून येतो: तुलनेचा नियम चुकला, तर तो उद्या बदलता येईल, पुसलेली नोंद परत मिळणार नाही.

चूक जी दुरुस्त होत नाही

जुन्या कन्नडमध्ये एक वर्ण होता. ‘तमिळ’ या नावाच्या अखेरीस तमिळ माणूस जो ध्वनी उच्चारतो, त्याच जातीचा तो वर्ण. पंपाच्या काळच्या भाषेत तो होता. पुढे प्रचारातून गेला. आज तो जुन्या काव्यांच्या आवृत्त्यांत आणि शिलालेखांत भेटतो. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक ३२९४ आहे. परंतु त्याला अधिकृत नाव मिळाले ते ‘कन्नड अक्षर फ’ अशा अर्थाचे, इंग्रजीतील ‘एफ’च्या उच्चाराचे. त्या वर्णाचा या उच्चाराशी काहीही संबंध नाही.

चूक लक्षात आली, तरी नाव बदलता आले नाही. युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून असा दंडक आहे की एकदा दिलेला क्रमांक हलवायचा नाही आणि एकदा दिलेले नाव बदलायचे नाही. हा दंडक हेकटपणातून आलेला नाही. जगभरच्या यंत्रांत साठविलेला मजकूर या क्रमांकांवर उभा आहे, आणि कित्येक प्रोग्राम नावांवरूनच अक्षर ओळखतात. एक नाव बदलले, तर कोठे काय मोडेल हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून चुकीचे नाव तसेच ठेवून त्याच्या शेजारी शुद्ध नाव पर्यायी म्हणून नोंदविण्यात आले. मूळ चूक कायम राहिली.

पंपाच्या नावाच्या रस्त्यावर, कोशकारांच्या परिषदेत, हा वर्ण ओळखणारी माणसे होती. क्रमांक देण्याच्या वेळी त्यांच्यापैकी एकाला विचारले असते, तर हे नाव पडले नसते. ज्येष्ठ तंत्रज्ञाने सदैव स्मरणात ठेवावा असा हा धडा आहे. बदलता न येणारा निर्णय घेण्यापूर्वी, आपल्याला जे ठाऊक नाही ते कोणाला ठाऊक आहे याचा शोध घेणे हा त्याच्या कामाचाच भाग होय.

यंत्र आणि लिपी या दोन्हींत गती असलेली माणसेही भारतात होऊन गेली आहेत. सुलेखनकार र. कृ. जोशी हे जाहिरात क्षेत्रातून पवई येथील आय.आय.टी.च्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात आले आणि पुढे मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राशी निगडित झाले. विंडोज प्रणालीतील ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्या हातचा आहे. कर्नाटकात मंगळूरजवळच्या किन्निकंबळाचे के. पी. राव यांनी उच्चारावर आधारित कन्नड कळफलकाची रचना केली आणि राज्य शासनाने ती स्वीकारली. कारकुनापासून कवीपर्यंत अनेकांच्या बोटांना आज त्या रचनेची सवय आहे.

दोन शिड्या

असे ज्ञान जमण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात. येथे कंपनीपुढे एक अडचण उभी राहते. उत्तम तंत्रज्ञाला बढती द्यायची, तर ती व्यवस्थापकाची, अशी जुनी रीत होती. तिच्यामुळे कंपनी एक चांगला तंत्रज्ञ गमावते आणि कित्येकदा एक सामान्य व्यवस्थापक मिळविते. आय.बी.एम. कंपनीने १९६२ मध्ये ‘फेलो’ हे पद निर्माण करून तंत्रज्ञाला व्यवस्थापक न होता सर्वोच्च मान मिळण्याची वाट करून दिली. त्याच कंपनीत एका प्रचंड प्रणालीचे काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात दोन समान शिड्यांचा पुरस्कार केला: एक व्यवस्थापनाची, दुसरी तंत्राची, वेतन आणि मान दोहोंत सारखा. तंत्रज्ञ व्यवस्थापक झाला, तर त्याला बढती न म्हणता केवळ बदली म्हणावे, असेही त्यांचे मत होते.

भारतात ही दुसरी शिडी कागदावर बहुतेक मोठ्या कंपन्यांत आहे. तिच्यावर टिकून राहणे मात्र सोपे नाही. हाताखाली किती माणसे आहेत, हा प्रश्न लग्नाच्या बोलणीपासून नातेवाइकांच्या गप्पांपर्यंत विचारला जातो. ‘कोणीच नाही’ हे उत्तर वीस वर्षांच्या नोकरीनंतर देणे अवघड जाते. अशा वेळी पुष्कळ जण ज्या कामात त्यांचा जीव रमतो ते सोडून दुसऱ्या शिडीवर जातात, आणि त्यांच्याबरोबर नोंदीत न उतरलेले ज्ञानही नाहीसे होते.

कोशकाराच्या हाताखालीही कोणी नसते. एका शब्दाचा अर्थ नेमका ठरविण्यात त्याचे दिवस जातात आणि तो नीट ठरला, तर त्याचे नाव कोणी घेत नाही. ‘कुऱ्हाडे’ हे नाव यादीत सापडले आणि निवृत्तिवेतन मिळाले, तर ते गृहस्थ कारकुनाचे आभार मानून घरी जातील. तंत्रज्ञाचे नाव त्यांना कळण्याचे कारण नाही. पण पुढील माणसाने तो नियम अजाणता बदलू नये, म्हणून त्याच्यासाठी कारणाची नोंद तेवढी लिहिलेली असली पाहिजे.