सायलीच्या जुन्या थिंकपॅडसाठी

डोंबिवली

चि. सायलीस,

तुझा लांबलचक मेसेज मामाने दोनदा वाचला. त्यात प्रश्न एक आणि वैताग दहा. लॅपटॉप लेनोव्होचा थिंकपॅड टी४४०पी. बाबांच्या ऑफिसने जुना माल विकायला काढला तेव्हा घरी आलेला. चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. चालू केला की चहा होऊन कप विसळून होतो, तरी ब्राउझर उघडलेला नसतो. आणि सांगलीचा दुकानदार म्हणतो, यात काही राम नाही, नवा घ्या. दुकानदाराने झाकण उघडून पाहिलं होतं का, हे तू लिहिलेलं नाहीस. मामाचा अंदाज, नसावं.

हे मॉडेल २०१३च्या अखेरीचं, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचं. वय झालंय हे खरं. पण आतला भाग काढून दुसरा घालता यावा अशा बेताने ज्या काळात लॅपटॉप बनत, त्या काळाच्या शेवटाकडचं हे यंत्र आहे. तळाचं मोठं झाकण दोन स्क्रूंवर बसवलेलं असतं. ते सैल करून झाकण सरकवलं की रॅमच्या दोन्ही जागा, डिस्क आणि पंखा समोर दिसतात. प्रोसेसरसुद्धा सॉकेटमध्ये बसवलेला. त्याच सुमाराचा, दिसायला सख्खा भाऊ वाटणारा साधा टी४४० तुझ्या वाट्याला आला असता, तर चार जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आणि वाढवायला एकच जागा निघाली असती. तुझ्या रूममेटच्या मॅकबुक एअरमध्ये तर रॅम वाढवायचा प्रश्नच नाही. ॲपलने त्या मॉडेलमध्ये ती पहिल्यापासून बोर्डावरच बसवली. तेव्हा 'लॅपटॉप अपग्रेड होतो का' असं कुणी मोघम विचारलं, तर आधी पूर्ण मॉडेल नंबर विचारावा. शेवटच्या अक्षरासकट.

पैसे खर्चण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली म्हणजे चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये जाता येतं का. ऑफिसातून आलेल्या मशीनवर कधी कधी सुपरवायझर पासवर्ड राहून गेलेला असतो, आणि थिंकपॅडमधला तो पासवर्ड विसरला तर सहजासहजी निघत नाही. पासवर्ड मागितला तर बाबांना ऑफिसच्या आयटीवाल्यांकडून तो काढून आणायला सांग, मगच पुढचं.

दुसरी गोष्ट टास्क मॅनेजर. लॅपटॉप रेंगाळायला लागला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं आणि परफॉर्मन्सच्या पानावर जायचं. अशा जुन्या मशीनवर बहुतेकदा एकच चित्र दिसतं. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर आरामात बसलेला, मेमरी नव्वदच्या आसपास आणि डिस्क शंभर टक्क्यांना चिकटलेली. म्हणजे ज्याला सगळे म्हातारा म्हणतात तो प्रोसेसर मोकळाच आहे. तो डिस्कची वाट बघतोय.

का, ते समजून घे; तुला बीसीएला पुढे हे शिकवतीलच. लॅपटॉपची साधी हार्डडिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला नव्वद, एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, साडेपाच मिलिसेकंद. ते टोक योग्य वर्तुळावर न्यायला आणखी बारा-एक मिलिसेकंद. मिळून सतरा-अठरा. सलग एक मोठा सिनेमा वाचायचा असेल तर ही डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते, बिचारीचं काही बिघडलेलं नाही. पण विंडोज सुरू होताना सलग काही वाचत नाही. ते इथून थोडं, तिथून थोडं अशा हजारो छोट्या फायली मागतं, आणि तशा मागण्या ही डिस्क सेकंदाला फार तर साठ-सत्तर पुऱ्या करते. त्यात अँटिव्हायरस आणि अपडेट एकाच वेळी हात पुढे करून उभे राहिले की तुझा चहा उकळायला लागतो.

फिरणाऱ्या चकतीवर माहिती ठेवायची ही रीत आयबीएमने १९५६मध्ये बाजारात आणली. रॅमॅक नावाचं ते धूड, चोवीस इंची पन्नास चकत्या आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. तुझी डिस्क आकाराने तळहाताएवढी झाली, चकत्या गुळगुळीत झाल्या, तरी फिरण्याची आणि वाट बघण्याची ती सक्ती सुटली नाही. ती सुटली फ्लॅश मेमरीने. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका या अभियंत्याने १९८०च्या दशकात ती शोधली. तिच्यावर चालणाऱ्या एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे कुठलीही जागा वाचायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. साठ-सत्तर मागण्यांच्या जागी हजारो. जुन्या लॅपटॉपला एसएसडी घातल्यावर लोक 'नवाच झाला' म्हणतात ती अतिशयोक्ती असते, पण फार मोठी नव्हे.

कुठली घ्यायची? अडीच इंची, साटा जोडणीची, सात मिलिमीटर जाडीची. यूट्यूबवर ज्यांचं कौतुक चाललेलं असतं त्या एनव्हीएमई पट्ट्या डिस्कच्या या खणात बसत नाहीत, आणि नाही बसत म्हणून हळहळायचंही कारण नाही. साटाची वेगमर्यादा सेकंदाला साधारण साडेपाचशे एमबी. छोट्या फायलींच्या खेळात तुला मिळायचा तो फायदा तिच्यातही मिळतो. पाचशे जीबी पुरे. एसएसडी 'लिहून लिहून झिजते' ही मावशीने ऐकलेली बातमी खरी आहे, पण आकड्यांत बघ. सॅमसंगच्या ८७० इव्हो या ५०० जीबीच्या डिस्कला कंपनी पाच वर्षांची किंवा ३०० टेराबाइट लिखाणाची हमी देते. रोज वीस जीबी लिहिलं तरी तेवढं लिहायला १५,००० दिवस लागतील. चाळीस वर्षं. तोवर तुझी मुलं तुला लॅपटॉपबद्दल सल्ले देत असतील.

आता रॅम. चार जीबीत विंडोज आणि ब्राउझरचे पाच-सहा टॅब झाले की जागा संपते. मग विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवायला लागतं, आणि ती डिस्क कोणती ते आपण वर पाहिलंच. म्हणून आधी एसएसडी घातली तर रॅमची तंगीही थोडी सुसह्य होते; उलट क्रमाने तेवढं होत नाही. पैसे एकदम जमत नसतील तर हा क्रम सोडू नकोस. रॅम घेताना डीडीआर३एल हेच नाव हवं, १.३५ व्होल्टवर चालणारी. चौथ्या पिढीच्या या प्रोसेसरांना जुनी दीड व्होल्टची डीडीआर३ चालत नाही, आणि दुकानात दोन्ही एकाच बरणीत ठेवलेल्या असतात. दोन्हींना २०४ पिना, दोन्ही त्याच खाचेत बसतात, म्हणून नजरेला फरक कळत नाही. एका जागेत आठ जीबीपर्यंत, म्हणजे एकूण सोळा. तुला आहे त्या चारवर आणखी आठ घातले तरी चालतील. दोन पट्ट्या सारख्याच हव्यात असं नाही. जोडीने चालण्याचा लाभ बराचसा मिळतो.

इथे बाजाराची एक गंमत आहे, तुझ्यासाठी चांगली. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप एवढ्या उचलल्या की नव्या रॅमचे भाव भडकले; मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये, आपण वर्षानुवर्षं दुकानात मागत आलो तो क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुला लागणारी पट्टी मात्र मोडीत निघालेल्या लॅपटॉपांतून निघते. वापरलेली रॅम घ्यायला मामाची हरकत नाही, कारण रॅममध्ये झिजण्यासारखं फारसं काही नसतं. वापरलेली एसएसडी मात्र घेऊ नकोस. नवी म्हणून दिलेलीसुद्धा घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडून बघ. ती किती तास चालली आहे ते तिथे दिसतं. नव्या डिस्कवर चार हजार तास दिसले तर दुसऱ्याच दिवशी बिल घेऊन दुकानात. बिलावर सिरियल नंबर लिहून घेतलेला असावा, हे ओघाने आलं.

विंडोजचा प्रश्न जरा अवघड आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट एक वर्ष वाढवले, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं, तुझ्याकडे चौथी पिढी आणि टीपीएम १.२. अट चुकवून ११ घालायच्या युक्त्या आहेत, हॉस्टेलमधला कुणीतरी त्या दाखवीलच. पण कंपनीने ज्याची जबाबदारी घेतलेली नाही ते ऐन परीक्षेत अपडेटवर अडलं तर कुणाच्या नावाने ओरडायचं? तुझं काम सी, पायथन आणि डेटाबेसचं. त्यासाठी लिनक्स मिंट घाल. त्याच्या २२व्या आवृत्तीला २०२९पर्यंत आधार आहे, चार जीबीतही ते तग धरतं आणि बारा जीबीत तर हुंदडतं. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहेच.

अडचण आहे ती बाबांची. त्यांची लग्नपत्रिकांची आणि सोसायटीच्या अहवालांची सगळी कामं श्रीलिपीत. पुण्याच्या मोड्युलर इन्फोटेकचं ते सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, बाबांकडे त्याचं यूएसबी डाँगल आहे, आणि त्यांच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. लिनक्सवर उघडल्या तर वधूपित्याच्या नावाचा गोपाळकाला होईल. म्हणून जुनी हार्डडिस्क पुसायची नाही. डीव्हीडीचा खण तसाही कुणी वापरत नाही. तिथे डीव्हीडी ड्राइव्ह काढून कॅडी, म्हणजे डिस्क ठेवायची चौकट, बसवता येते आणि त्या कॅडीत ही जुनी डिस्क, विंडोज आणि श्रीलिपीसकट जशीच्या तशी. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाड्यांत मिळतात, तेव्हा खण मोजून मग माग. बाबांना काम असेल तेव्हा त्यांनी एफ१२ दाबून ती डिस्क निवडायची, आणि नेट बंद ठेवायचं. त्यांच्या कामाला रेंगाळणं चालतं. गेली दहा वर्षं चाललंच आहे.

त्याआधी बॅकअप. डिस्कला हात लावण्यापूर्वी बाबांच्या फायली दुसऱ्या कुठल्यातरी डिस्कवर उतरव. ऑफिसच्या मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू असायची शक्यता असते. तसं असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव, नाहीतर कॅडीतून सुरू करताना अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागेल आणि घरात शोककळा पसरेल.

हत्यारांत एक चांगला छोटा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर पुरे. चार्जर काढ, मागची बॅटरी काढ, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर. नायलॉनचा ड्रेस घालून सतरंजीवर बसू नकोस, आणि आधी एखाद्या धातूला हात लाव. रॅम तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा स्वतःहून बसतात; जोर लावावा लागला तर पट्टी उलटी आहे असं समज. झाकण उघडलंच आहे तर पंख्यातला कचरा मऊ ब्रशने काढ, पाती बोटाने धरून. प्रोसेसरवरची पेस्ट दहा वर्षांनी वाळून खपली होते, उष्णता बाहेर जात नाही आणि तापमान शंभर अंशांकडे गेलं की प्रोसेसर आपणच वेग उतरवतो. ती बदलायला हवी, पण ते तू एकटीने करू नकोस. दिवाळीत मामाकडे ये, तेव्हा करू.

आणि तिथेच थांबायचं. या मॉडेलचे शौकीन जगभर आहेत. ते यात चार कोअरचा आय७ घालतात, टी४५०चा टचपॅड बसवतात. तुला ते सगळं वाचून हुरूप येणार हे मामाला ठाऊक आहे. चार कोअरचे बरेच आय७ ४७ वॅटचे असतात आणि तुझा आय५ ३७ वॅटचा, म्हणजे पंखा दिवसभर भणभणणार. वायफाय कार्ड बदलायला तर जाऊच नकोस. त्या काळच्या थिंकपॅडचं बायोस यादीबाहेरचं कार्ड दिसलं की सुरूच व्हायला नकार देतं. खर्च करायचाच झाला तर पडद्यावर कर. १३६६ बाय ७६८चा तो फिकट पडदा काढून १९२० बाय १०८०चा आयपीएस बसवता येतो, आणि तू रोज पाच तास त्याच्याकडे बघणार आहेस. पण तो पुढच्या वर्षी, स्कॉलरशिप आली तर.

सांगलीत डीडीआर३एल मिळाली नाही तर घाई करू नकोस. मामा शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जाणारच आहे. त्याआधी आतल्या रॅमच्या पट्टीवरच्या लेबलाचा फोटो पाठव. त्यावर पीसी३एल असं लिहिलंय का, आणि पट्टी चार जीबीची एकच आहे की दोन-दोनच्या दोन, हे नीट दिसलं पाहिजे. दोन असतील तर एक काढावी लागेल. डीव्हीडीच्या खणाची जाडीही मोजून कळव, आणि बाबांना विचार, डाँगल नक्की कुठे ठेवलंय.

तुझा,
मामा