गाडी लहान, पण कागद पुरे हवेत



दिवाळीच्या सुट्टीत मी आबांबरोबर कराडला गेलो होतो. थोरला दादाही होता. दादा दहावीत आहे, वय १५. एका दुकानाच्या दारात लाल रंगाची लहान मोटरसायकल उभी होती. दादाचा पाय तिथून निघेना.

दुकानदार म्हणाला, "ही कच्च्या रस्त्याची गाडी हाय, आबा. ४९ सीसी. हिला नंबर नको, लायसन नको. पोरं खुशाल चालवत्यात."

आबांनी विचारलं, "मग चालवायची कुठं?"

"रानात चालवा की."

"आमच्या रानात जायला डांबरी सडक लागती. तिथं काय डोक्यावर घिऊन जायची?"

दुकानदार नुसता हसला. आबांनी पैशाची पिशवी पुन्हा कोपरीत घातली. शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितलेली माहिती अशी.

सीसी म्हणजे काय? इंजिनच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या खालीवर होतो. तो खाली जाताना जेवढी जागा मोकळी होते, ती घन सेंटिमीटरमध्ये मोजतात. तेच सीसी. १ घन सेंटिमीटर म्हणजे १ मिलिलिटर. म्हणजे ४९ सीसी ही चहाच्या लहान पेल्याएवढी जागा. पण तेवढ्या जागेत पेट्रोल पेटते आणि माणसाला ओढून नेते.

कच्च्या रस्त्याची गाडी कशी असते? टायरला मोठ्या गाठी असतात, त्या मातीत रुततात. गाडीचे पोट जमिनीपासून उंच असते, म्हणजे दगड लागत नाही. निव्वळ मैदानात पळवायच्या गाडीला बहुधा दिवे, आरसे, हॉर्न आणि नंबरपाटी नसते. ती कुंपणाच्या आतली गाडी. सडकेवर आली की पाठीमागच्या उसाच्या ट्रॅक्टरला ती अंधारात दिसतच नाही.

सगळ्याच अशा गाड्या बिननंबरी नसतात. २०१९ साली आलेली हिरो कंपनीची एक्सपल्स २०० ही कच्च्या वाटेची गाडी आहे, पण तिला दिवे आणि नंबर दोन्ही आहेत. त्याआधी पाहा. कायनेटिक कंपनीने १९७२ साली लुना आणली. ती ५० सीसीची होती, पायडल मारून चालू व्हायची. तेवढ्याशा लुनालाही नंबर लागत असे.

कायदा काय म्हणतो? दोनचाकीचे इंजिन २५ सीसीपेक्षा मोठे असेल तर सडकेवर ती मोटार वाहनच. तिला नोंदणी, विमा आणि लायसन लागते. ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचे लायसन १६ व्या वर्षी, पालकांच्या संमतीने मिळते. बाकीच्यांना १८ वर्षे पुरी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. म्हणजे एका दिवसाच्या हौसेपायी दहा वर्षे गाडी बंद!

पालकहो, पैसे देण्याआधी दुकानात एवढे विचारा :

१. गाडीची नोंदणी होते का? नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज दुकानदारानेच करायचा असतो. नंबर लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नसते. कराडचा नंबर एमएच ५० ने सुरू होतो.
२. विक्रीचा दाखला (फॉर्म २१) आणि गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा कंपनीचा दाखला (फॉर्म २२) आहे का?
३. विमा आणि कर धरून एकूण किंमत किती?
४. हेल्मेट कुठे आहे? ते गाडीबरोबर देण्याचा नियम आहे.
५. साडी गार्ड आहे का? आई मागे बसणार आहे.

दुसऱ्या प्रश्नाला "कागद मागनं देतो" असे उत्तर आले, तर आबांसारखे करावे.

दादा दोन दिवस जेवताना बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सायकलच्या चेनला तेल घातले.

स्वाध्याय : तुमच्या घरच्या गाडीचे आरसी बुक वडिलांकडून मागून घ्या. तिचे इंजिन किती सीसीचे आहे आणि विमा कधी संपतो, ते वहीत लिहून आणा.