अगं, आधी डिमीटरला भेट

काल रात्री पाऊण वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. सहा पुस्तकं एकदम मागवलीस, सहाही ग्रीक देवतांच्या प्रेमकथा, आणि त्यातली दोन अर्धवट वाचून उशीशी पालथी पडली आहेत म्हणे. आधी ती सरळ करून ठेव बघू, बांधणी खिळखिळी होते. मग चहा घे आणि ऐक.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पर्सेफनी आणि पाताळाचा राजा हेडीस यांची खरी गोष्ट कुठली, हा एक प्रश्न. पळवून नेलेल्या मुलीची प्रेमकथा मला आवडते, यात माझं काही चुकतंय का, हा दुसरा. दुसरा लिहिताना तुझा हात अडखळला होता, मला कळलं.

खरं सांगू का, पहिल्याचं उत्तर सोपं आहे. या कथेची एकच एक खरी प्रत नाही. सगळ्यांत जुनी सविस्तर कथा सापडते ती पर्सेफनीच्या आईच्या, म्हणजे डिमीटरच्या स्तोत्रात. ते होमरच्या नावावर चालतं, पण त्याचं नाही; इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातलं असावं. जेमतेम 500 ओळी आहेत गं, एका दुपारी वाचून होतं. त्यात पर्सेफनी डाळिंबाचा एकच दाणा खाते आणि वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात राहते. पुढे कित्येक शतकांनी रोमच्या ओव्हिडने लिहिलं, तेव्हा दाणे सात झाले आणि मुक्काम अर्ध्या वर्षाचा. नावंही बदलली, डिमीटरची सिरीस आणि पर्सेफनीची प्रोसर्पिना. म्हणजे गोष्ट नव्याने सांगायची रीत आजची नाहीच. आपल्याकडे 1959 च्या 'ययाती'त खांडेकरांनी देवयानीला आणि शर्मिष्ठेला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं, तेव्हा कुणी महाभारत बिघडलं म्हणून रडत बसलं नाही. तूही बसू नकोस.

आता दुसरा प्रश्न. तो मलाही छळायचा, म्हणून त्यावर जरा थांबते.

सुरुवातीला मीही नुसत्या प्रेमकथाच वाचत सुटले. काळोखाचा राजा, फुलांची राणी, दोघांची ओढ. छान वाटायचं आणि मग कुठेतरी टोचायचं. ते स्तोत्र हातात आलं तेव्हा कळलं काय टोचतंय ते. बघ, त्यात पर्सेफनी मैत्रिणींबरोबर फुलं खुडते आहे. एकाच मुळातून शंभर फुलं आलेला नार्सिसस दिसतो, ती दोन्ही हात पुढे करते आणि जमीन फाटते. हेडीस तिला सोन्याच्या रथात घालून नेतो. ती ओरडते. तिची हाक ऐकू जाते ती गुहेतल्या हेकाटी देवीला आणि सूर्याला, हेलिऑसला. आई नऊ दिवस हातात मशाली घेऊन हिंडते. अन्न नाही, पाणी नाही, अंघोळ नाही. शेवटी हेलिऑस तिला सांगतो की हे झ्यूसनेच ठरवलं होतं. झ्यूस म्हणजे मुलीचा बाप. आणि वर समजूत काय घालतो? रडू नकोस, जावई काही वाईट नाही, तुझाच भाऊ आहे, जगाच्या तिसऱ्या हिश्शाचा मालक आहे.

म्हणजे स्थळ चांगलं आहे, अजून काय हवं! मी ते वाक्य माझ्या आईला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. हात थांबवून म्हणाली, "बापाने ठरवलं आणि आईला कळवलंसुद्धा नाही?" हेडीस हा झ्यूसचाही भाऊ आणि डिमीटरचाही, म्हणजे मुलीचा काका तो आणि मामाही तोच, हे सांगायला गेले तर तिने हातानेच थांबवलं. तिला पुढे आईचं काय झालं एवढंच ऐकायचं होतं.

आईचं हे झालं: तिने काम थांबवलं. ती धान्याची देवता. इल्यूसिसच्या देवळात जाऊन बसली आणि वर्षभर जमिनीतून एक कोंब वर येऊ दिला नाही. माणसं उपाशी मरायची वेळ आली, देवांचे नैवेद्य बंद पडणार अशी वेळ आली, तेव्हा झ्यूस हलला. त्याने एकेक देव भेटवस्तू देऊन पाठवला. ती म्हणाली, आधी मुलगी दाखवा. सामर्थ्यवान देवी हवी ना तुला? मग आधी या बाईला भेट. हातात शस्त्र नाही, आणि तरी देवांच्या राजाला तिने माघार घ्यायला लावली.

मुलगी परत येते तो प्रसंग तर मी कितीदा वाचला असेन. आई धावत येते, मिठी मारते आणि मिठीतच तिच्या मनात पाल चुकचुकते. ती विचारते, बाळा, तिथे काही खाल्लंस का? आपल्या आया दारातच विचारतात ना, जेवलीस का म्हणून? इथे तोच प्रश्न आहे, पण "नाही" ऐकायची आस लागलेली आहे. डाळिंब सोलताना पांढऱ्या पापुद्र्यातून एखादा दाणा सुटून बोटाला चिकटतो बघ, तेवढ्याशा दाण्याने त्या मायलेकींचे चार महिने नेले.

आता तुझ्या उशीजवळच्या कादंबऱ्या. माझी तक्रार प्रेमाबद्दल नाहीच गं. प्रेम लिहायला जागा आहे तिथे. ती खाली असताना त्या घरात काय घडलं, याबद्दल स्तोत्र जवळजवळ काही बोलत नाही, आणि ती तिथे नुसती रडत बसली असंही नाही. होमरच्या ओडिसीत ओडिसियस मृतांच्या वेशीवर उभा असतो. पर्सेफनी आपल्यावर गॉर्गनचं मुंडकं पाठवील या भीतीने तो तिथून पळ काढतो. ट्रॉय जिंकून आलेला माणूस! म्हणजे ती राणी जुन्या काळापासून दरारा असलेलीच आहे, नव्या लेखिकांनी तो दरारा काही घरी बनवलेला नाही. आवडू दे तुला ती. त्यात तुझं काही चुकत नाही.

माझी तक्रार आईबद्दल आहे. पुष्कळ नव्या कथांमध्ये हेडीसला चांगला करण्यासाठी डिमीटरला वाईट केलं जातं. स्कार्लेट सेंट क्लेअरच्या 'अ टच ऑफ डार्कनेस'मध्ये (2019) आईने मुलीला काचेच्या घरात कोंडून वाढवलेलं आहे. रेचल स्माइथच्या 'लोर ऑलिंपस' या चित्रकथेतही आईची पकड घट्ट आहे. अशी आई असू शकते, मला मान्य आहे. पण नऊ दिवस उपाशी हिंडलेल्या बाईला प्रेमातला अडसर करून टाकलं की माझा जीव तुटतो. म्हणून प्रेमकथा वाच, फक्त डिमीटरला ओळखून वाच.

आणि मन फारच गुलाबी झालं तर बर्निनीच्या शिल्पाचा फोटो उघड. रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे, 1621-22 सालातलं. हेडीसची बोटं पर्सेफनीच्या मांडीत रुतली आहेत, अगदी मऊ कणकेत रुतावीत तशी, आणि तो संगमरवर आहे. तिचा तळहात त्याच्या कपाळावर रेटलेला, भुवईपाशी त्याची कातडी गोळा झालेली. तिच्या गालावर एक अश्रू. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला आणि मग चार दिवस कुठलीच कादंबरी उघडली नाही.

क्रम विचारतेस तर माझं ऐक. सुरुवात मॅडलिन मिलरच्या 'सर्सी'ने कर, 2018 ची आहे. ओडिसीत सर्सी माणसांची डुकरं करणारी चेटकी, ओडिसियसच्या प्रवासातलं एक वर्षाचं वळण. मिलर तिला जन्मापासून बोलू देते. प्रेम त्यात आहेच, पण मला धरून ठेवलं ते बाळंतपणानंतरच्या पानांनी. एकाकी बेट, मदतीला कुणी नाही, रात्रंदिवस रडणारा तान्हा टेलेगोनस, आणि देवी असूनही थकून गेलेली आई. मग ते स्तोत्र वाच. मग 'लोर ऑलिंपस', 2018 ते 2024 चाललं. गुलाबी पर्सेफनी, निळा हेडीस, डोळ्यांना सुख आहे. फक्त त्यात अत्याचाराचा प्रसंग येतो, मन तयार ठेवून वाच. सेंट क्लेअर आणि केटी रॉबर्टची 'निऑन गॉड्स' (2021) शेवटी ठेव. ती पूर्णपणे मोठ्यांची पुस्तकं आहेत, शयनगृहाचं दार सताड उघडं ठेवणारी.

हे एवढं बजावून सांगते त्याला कारण आहे. मुखपृष्ठावर सुंदर फुलं पाहून असंच एक पुस्तक मी भाचीला वाढदिवसाला दिलं होतं. चौदा वर्षांची ती. आत एक पानही चाळलं नव्हतं मी. चार दिवसांनी बहिणीचा फोन आला, आणि ती रागावली नाही, नुसती गप्प राहिली. ते जास्त लागलं. मग मी भाचीशी स्वतः जाऊन बोलले, माफी मागितली आणि पुस्तक बदलून दिलं. तुझ्या घरात धाकटी आहे, म्हणून ही दोन पुस्तकं वरच्या कप्प्यात ठेव. धाकटीपासून हं. आईपासून लपवायचं काही कारण नाही.

सहाची सहा या महिन्यात संपवायचीच असंही काही नाही. ऑफिस, डबा, धाकटीची परीक्षा, सगळं तूच ओढतेस. रात्री दहा पानं झाली तरी पुष्कळ झालं. झोप मोडून वाचू नकोस. नावं सगळी सारखीच वाटतात म्हणालीस ना? पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वंशावळ काढ. मी अजून काढते.

रविवारी ये. स्तोत्र मी काढून ठेवते, डाळिंबंही आणली आहेत. आणि आईला बरोबर आण. हेलिऑस जे म्हणाला ते तिला वाचून दाखवू, बघू ती काय म्हणते.