किमान खर्चाच्या पाठाविषयी

कोल्हापूर,
कार्तिक वद्य ५

चि. ताईस,


तुझे पत्र पावले. सूक्ष्म अर्थशास्त्रातील किमान खर्चाचे प्रकरण तू चार रात्रींत व्हिडिओंवरून ‘पाहून संपविलेस’, आणि तरीही चाचणीच्या कागदावर पहिल्याच उदाहरणापाशी हात अडला, हा मजकूर वाचून तुझ्या बुद्धीविषयी मला तिळमात्र शंका आली नाही. शंका आली ती ‘पाहून संपविलेस’ या शब्दांविषयी.

या पाठांना मी नावे ठेवीत नाही. २०१७ साली ‘स्वयम्’ची व्यवस्था सरकारने सुरू केल्यापासून गगनबावड्याच्या मुलीलाही नामवंत अध्यापकांची व्याख्याने घरबसल्या, आणि हव्या तितक्या वेळा, ऐकता येतात, ही सोय आमच्या पिढीच्या वाट्याला आली असती तर आम्ही तिचे सोने केले असते. परंतु पडद्यावरचा अध्यापक समोत्पाद वक्र काढतो, त्याला स्पर्श करणारी समखर्च रेषा काढतो, स्पर्शबिंदूवर ठिपका देतो आणि पुढे जातो. तो ठिपका तेथेच का पडला, हे त्याने पूर्वी कधीतरी स्वतः झगडून मिळविलेले असते, आणि तो झगडा व्हिडिओत येत नाही.

म्हणून दिवाळीत आपण गावाकडच्या गुऱ्हाळावर गेलो होतो ते आठव. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली ती ज्या गुळाच्या व्यापारासाठी, तो गूळ चुलवाणाच्या धगीवर होतो, आणि चुलवाणात जळते ते उसाचेच चिपाड. हे चिपाड ओले घातले तर धूर फार, धग थोडी, आणि काहील उतरेपर्यंत जळण अधिक लागते. तेच उन्हात पसरून, उलथून वाळवले तर थोडे पुरते, पण वाळवण्यासाठी गडी लावावे लागतात. म्हणजे तितकाच रस तितक्याच गुळापर्यंत नेण्याचे अनेक मार्ग आहेत, कोठे मजुरी जास्त व जळण कमी, कोठे उलट. हे सगळे मार्ग कागदावर मांडले की तुझा समोत्पाद वक्र होतो. गुऱ्हाळवाला मनात एकच प्रश्न विचारतो, की शेवटचा रुपया वाळवणीच्या मजुरीवर घातला तर धग अधिक वाढेल, की जास्तीच्या जळणावर घातला तर? जोवर दोहोंची उत्तरे सारखी नाहीत तोवर पैसा एकीकडून काढून दुसरीकडे घालण्यात किफायत आहे. ती सारखी झाली की स्पर्शबिंदू आला. चिपाड घरचेच, म्हणून फुकट, असे मात्र समजू नकोस. कागदाच्या गिरणीला ते विकले असते तर जे मोल आले असते, तेच त्याचे मोल.

आता गुळव्या पाहा. पाक उतरविण्याचा क्षण ओळखणारा जाणता माणूस काहिलीमागे एकच हवा. दोन गुळवे लावले म्हणून काहील वाचत नाही, आणि दुसरी काहील चढविली म्हणून गुळव्या वाचत नाही. येथे वक्राला काटकोन येतो, कोपऱ्यावर उतारच नसतो, आणि तेथे जो विद्यार्थी डोळे मिटून सीमांत गुणोत्तरे समान मांडू लागतो त्याचे उत्तर चुकते. तुझ्या हाताचे अडणे बहुधा येथलेच आहे. कोणत्या प्रकारचा वक्र आहे हे आधी ठरव, समीकरणाला मागाहून हात घाल.

वही घेऊन बस. मजुराच्या रोजाचे ४०० रुपये, यंत्राच्या तासाचे १०० रुपये; रोज आणि तास यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतके उत्पादन, म्हणजे कॉब आणि डग्लस यांनी १९२८ साली मांडलेल्या रूपातले; उद्दिष्ट २० नग. सीमांत उत्पादनांचे गुणोत्तर दरांच्या गुणोत्तराशी जुळविलेस की रोजामागे ४ तास पडतात, १० रोज आणि ४० तास, एकूण ८००० रुपये, आणि त्यातले निम्मे निम्मे दोहोंवर. उद्दिष्ट २१ केलेस की ८४०० होतात. ते वाढलेले ४०० म्हणजेच ज्याला तू ‘निव्वळ चिन्ह’ म्हणतेस तो लाग्रांजचा लॅम्डा: एक नग जास्त मागितल्याची किंमत. पुढे मजुरी ९०० झाली असे धर. जुन्याच प्रमाणाला चिकटून राहणाऱ्या कारखानदाराला २० नगांसाठी १३००० लागतील. जो प्रमाण बदलतो त्याला १२०००. उद्यमनगरातील एखाद्या फौंड्रीचा मालक कोळशाच्या कुपोला भट्टीऐवजी विजेची भट्टी घ्यावी की काय याचा विचार करतो, तेव्हा दरांच्या या गुणोत्तराचे पारडे तोही तोलीत असतो. मात्र ध्यानात ठेव की उद्दिष्ट येथे बाहेरून दिलेले आहे. किती नग करावेत हा नफ्याचा प्रश्न निराळा, आणि तो या प्रकरणात मिसळू नये.

तेव्हा व्हिडिओ दीडपट वेगाने लावणे तूर्त सोड. अध्यापकाने उदाहरण वाचून दाखविले की पडदा थांबव, उत्तर स्वतः काढ, आणि मग त्याच्याशी रुजुवात कर. न जुळल्यास त्याचे उत्तर उतरून घेण्यापूर्वी आपली चूक कोणत्या ओळीत आहे ते शोध. अर्ध्या तासाच्या पाठाला दोन तास लागले तर लागू देत.

९०० मजुरीच्या उदाहरणात रोज आणि तास किती येतात ते मी मुद्दाम लिहिलेले नाही. तपशीलवार सोडवून, ताळा घालून, पुढच्या पत्रासोबत पाठव; रोजांची संख्या अपूर्णांकात येईल, तेव्हा बिचकू नकोस. आईस नमस्कार.

तुझा,
काका