गोळीचं घड्याळ आपल्याच हाती

ह्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे म्हटलं, की लोक आधी ह्यांचे हात बघतात. हात फारसे थरथरत नाहीतच. ह्यांचा त्रास ताठरपणाचा. डोपामाइन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी कमी होत जातात, आणि ती उणीव लेव्होडोपाची गोळी काही तास भरून काढते. तेवढ्या तासांत अंघोळ, जेवण, फेरफटका उरकायचा. म्हणून आमच्या घरात सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा या वेळा चुकत नाहीत.

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ह्यांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हा नियमाप्रमाणे घरच्या गोळ्या सिस्टरनी ठेवून घेतल्या. वॉर्डात ‘दिवसातून चार वेळा’ म्हणजे ट्रॉली येईल तेव्हा. ऑपरेशननंतर दहाची गोळी दुपारी आली, तोवर ह्यांचं लाकूड झालेलं. कूस वळवता येईना, घोट उतरेना. राउंडला आलेल्या शिकाऊ डॉक्टरांनी ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं लिहिलं. मग उलटी झाली, म्हणून मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं गेलं. हे औषध डोपामाइनचीच वाट अडवतं! न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला, त्यांनी ते बंद करवलं. पण चालणं पूर्ववत व्हायला बरेच दिवस गेले.

तेव्हा भरती व्हायच्या आधीच न्यूरॉलॉजिस्टकडून चिठ्ठी घ्या आणि फाइलच्या पहिल्याच पानाला टाचा. गोळीचं नाव, ताकद, घड्याळातल्या वेळा. आणि खाली ठळक अक्षरात: मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म), प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल), हॅलोपेरिडॉल नको. उपाशी ठेवणार असतील, तर घोटभर पाण्याबरोबर गोळी चालेल का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारा. लेव्होडोपा एकाएकी बंद होणं धोक्याचं असतं. गोळ्या आपल्याजवळ ठेवायची परवानगी मागा, आणि ती लेखी घ्या. रात्रपाळीच्या सिस्टरना तोंडी बोलणं ठाऊक नसतं.

आणखी एक. कोणीतरी कवचबीजाचं चूर्ण आणून देतंच. त्यात लेव्होडोपा नैसर्गिकरीत्या असतो, म्हणजे डोस वाढला. डॉक्टरांपासून लपवू नका. वरण, पनीर, अंडं यांतली प्रथिनं काहींमध्ये गोळीच्या आड येतात. आम्ही गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास देतो.

यातलं निम्मं मला मदतगटात कळलं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून काम करते. तिथे शुभार्थींइतकंच, म्हणजे रुग्णांइतकंच, घरच्यांनाही बोलायला मिळतं. उदाहरणार्थ, दारात ह्यांचे पाय जागीच चिकटले, की मी ‘चला, चला’ म्हणून हात ओढायची, त्याने तोल जायचा. आता उंबऱ्यापुढे फरशीवर आडवी पिवळी चिकटपट्टी लावली आहे. ती ओलांडायची म्हटलं, की पाऊल उचलतं. मोलकरणीला मात्र सांगून ठेवावं लागतं, नाहीतर पुसताना ती खरवडून काढते.